नौदलप्रमुखांना खुले पत्र : विमान का पडलं, ते आम्हालाही कळू द्या

प्रति,
माननीय नौदलप्रमुख, नवी दिल्ली
आणि माननीय फ्लॅग ऑफिसर, गोवा विभाग, दाबोळी

महोदय,

जय हिंद.

गेल्या आठवड्यात वास्कोतल्या खारीवाड्याच्या जेटीवर बांगडे घ्यायला गेलो होतो. ओळखीच्या एका तांडेलाने, म्हणजे मासेमारी नावेच्या म्होरक्याने, मोबाइल माझ्यापुढे धरला. अमेरिकेच्या विमानवाहू नौकेवर एक विमान उतरतं, त्याच्या शेपटाखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या वायरमध्ये अडकतो, विमान थांबत आल्यासारखं वाटतं आणि तेवढ्यात वायर तुटते. विमान डेकच्या टोकावरून खाली दिसेनासं होतं. आपला श्वास अडकतो. मग ते पाण्याला टेकता टेकता वर येताना दिसतं.

"काका, पायलटचं लक्ष नव्हतं बघा," तांडेल म्हणाला.

मी त्याला सांगितलं की तसं नाही. ते हॉकआय, पंख्यांचं टेहळणी विमान. दिवस १८ मार्च २०१६, नौका आयझेनहॉवर. पायलटने तर ते विमान पाण्यावरून उचलून आतल्या माणसांना सुखरूप परत नेलं. दोष होता डेकच्या खाली, वायरला आवर घालणाऱ्या यंत्रात. आधी निघालेला बिघाड शोधताना दुरुस्तीतली एक महत्त्वाची पायरी राहून गेली होती. तुटलेली वायर डेकवर सपकन फिरली आणि आठ खलाशी जखमी झाले.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"त्यांच्या नौदलाच्याच चौकशीत लिहिलंय. वाचायला मिळतं."

"मग आपली पडली, त्यांचं काय निघालं?"

बांगड्यांची पिशवी हातात धरून मी उभा राहिलो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मागायला हे पत्र लिहितो आहे.

मी अधिकारी नव्हतो. वेंगुर्ल्याच्या शाळेतून बाहेर पडलो आणि अठराव्या वर्षी नौदलात भरती झालो. माझी उमेदीची वर्षं फ्लाइट डेकवर, अरेस्टर गियरच्या, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला वायरने थांबवणाऱ्या यंत्रणेच्या कामात गेली. निवृत्तीनंतर दाबोळीजवळ चिखलीत घर बांधलं, कारण कानाला त्या आवाजाशिवाय करमत नव्हतं. आजही मिग उडालं की खिडकीच्या काचा थरथरतात आणि शेजारी वैतागतात. मी मात्र हातातलं काम टाकून बाहेर येतो आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहतो.

उतरणं संपलं की आमच्यातला एक जण हातात कापडाचं जुनेर घेऊन वायरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचा. जुनेर वायरवरून ओढत न्यायचं. कुठे तंतू तुटला असेल तर कापड तिथे अटकतं. डोळ्याला जे दिसत नाही ते चिंधीला कळतं. एका संध्याकाळी ते कापड एका जागी किंचित अडल्यासारखं वाटलं आणि मी पुढे गेलो. अंधार पडत होता, अंग मोडून आलं होतं, आणि मनात म्हटलं की भास असेल. रात्रभर झोप लागली नाही. पहाटे जाऊन आमच्या चीफना सांगितलं. त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं, वायर बदलायला लावली आणि मग आमच्या सगळ्या टोळीसमोर मला उभं केलं. मला वाटलं, आता शिक्षा. ते एवढंच म्हणाले, "काल काय झालं ते ह्यांना सांग. जसंच्या तसं." मी सांगितलं. माझ्यानंतर त्या मेसमध्ये आलेल्या प्रत्येक पोराला ती हकीकत ऐकवली गेली, आणि कापड अडलं तर थांबायचं हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही.

महोदय, डेकवर विमान उतरवणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगणं शोभत नाही. पण हे पत्र जेटीवरही वाचलं जाणार आहे, म्हणून थोडं लिहितो.

दाबोळीची धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर लांब आहे. आपली नवी विमानवाहू नौका विक्रांत टोकापासून टोकापर्यंत २६२ मीटर, आणि त्यातलाही एक भागच उतरण्यासाठी. विमान ताशी दोनशे चाळीस किलोमीटरच्या आसपास वेगाने येतं आणि वायर त्याला शंभरेक मीटरमध्ये उभं करते. विक्रमादित्य आणि विक्रांत, आपल्या दोन्ही विमानवाहू नौकांवर अशा तीन वायर आहेत. प्रवासी विमान जमिनीजवळ आलं की पायलट त्याचं नाक हळूच वर उचलतो, चाकं अलगद टेकतात. डेकवर तसं करायची सोय नाही. साडेतीन अंशांच्या आसपासचा उतार धरून विमान सरळ खाली यायचं आणि डेकवर आपटायचं. चाकं टेकली की पायलट इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण ताकद देतो. कारण हुक वायरीला लागलाच नाही तर डेकच्या टोकापर्यंत परत उडण्याएवढा वेग अंगात हवा. याला बोल्टर म्हणतात. बोल्टर झाला म्हणून कोणाला कमीपणा नाही, फिरून परत यायचं.

हे सगळं हलत्या जागेवर. जहाज वर-खाली होतं, डुलतं, शिवाय पुढे जात असतं. उतरायची पट्टी जहाजाच्या रेषेला तिरकी असल्यामुळे मागून येणाऱ्या पायलटच्या डोळ्यांसमोर ती सतत उजवीकडे सरकत राहते. तिच्यामागे धावत धावत मधली रेषा धरायची. जहाजाच्या मनोऱ्यावरून आलेला वारा मागे भोवऱ्यासारखा फिरतो, आणि नेमका शेवटच्या काही सेकंदांत विमान त्यात शिरतं. ते खाली बसतं. तेवढ्यात ताकद दिली नाही तर शेपूट किंवा चाकं डेकच्या मागच्या कडेवर आदळतात. डेकवर काम केलेल्या माणसाला सर्वांत जास्त धास्ती या आदळण्याची असते. आणि रात्री यातलं काहीच दिसत नाही. काळ्या पाण्यावर दिव्यांचा एक लहानसा पुंजका, बाजूच्या दिव्यांनी सांगितलेली उंची आणि कानात लँडिंग सेफ्टी ऑफिसरचा आवाज. वर्षानुवर्षं विमान उडवणाऱ्यांचेही रात्रीच्या डेकवर उतरल्यावर हात थरथरताना मी पाहिलेत.

डेकच्या पोटात माझं जग होतं. वरची वायर खाली एका मोठ्या यंत्राला जोडलेली असते. विमानाने वायर ओढली की दट्ट्या द्रव दाबतो आणि तो द्रव एका झडपेच्या बारीक वाटेने जातो. विमानाचा सगळा जोर तिथे जिरतो. येणाऱ्या विमानाच्या वजनाप्रमाणे ती झडप प्रत्येक वेळी लावायची. हलकी लावली तर विमान थांबत नाही, जड लावली तर हुक तरी तुटतो, वायर तरी. वरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. तो म्हणतो, पायलट चुकला.

आता अहवालांबद्दल. २४ जानेवारी २०२२ रोजी दक्षिण चीन समुद्रात कार्ल व्हिन्सन या नौकेवर उतरताना एक एफ-३५सी डेकच्या मागच्या कडेवर आदळलं, घसरत गेलं आणि समुद्रात पडलं. पायलट धरून सात जण जखमी झाले. अमेरिकेने १२,४०० फूट खोल पाण्यातून विमान काढलं, आणि वर्षभराने चौकशीचा अहवाल लोकांसमोर ठेवला. त्यात लिहिलं होतं की पायलटने पटकन उतरण्यासाठीचं ते वळण पहिल्यांदाच घेतलं होतं. त्या घाईत, ताकद आपोआप सांभाळणारी आणि उताराची वाट धरायला मदत करणारी यंत्रणा चालू करायची राहिली, आणि ते लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. चूक पायलटची, असं स्वच्छ लिहिलं. ती बेदरकारपणाने किंवा वाईट हेतूने केलेली नव्हती, हेही त्याच अहवालात लिहिलं. मला या दुसऱ्या वाक्याचं मोल फार वाटतं. ज्या पोराच्या हातून हे झालं त्याला ते किती आधाराचं असेल! आणि जगातल्या प्रत्येक डेकवरच्या प्रत्येक पायलटला कळलं की त्या वळणात नेमकं काय विसरलं जाऊ शकतं.

याच्या उलट दुसरं उदाहरण. नोव्हेंबर २०१६ मध्ये रशियाची विमानवाहू नौका ॲडमिरल कुझ्नेत्सोव्ह सीरियाच्या किनाऱ्याजवळ असताना तिच्यावरचं एक मिग-२९ समुद्रात पडलं. तीन आठवडे होतात न होतात तोच एक सुखोई-३३ उतरताना वायर तुटून पाण्यात गेलं. दोन्ही पायलट वाचले. पहिल्या अपघाताबद्दल बातम्यांत आलं की वायर आधीच तुटलेली होती, ती नीट होण्याची वाट बघत विमान घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपलं. सरकारने मात्र तांत्रिक बिघाड एवढंच सांगितलं. महोदय, मिग-२९के आपण वापरतो. तो अहवाल कोणासाठी सर्वांत मोलाचा होता? आपल्या पोरांसाठी. दुसऱ्याने दडवलेला अहवाल आपल्याला कसा महागात पडू शकतो हे तिथे दिसतं. मग आपण तेच का करावं?

आता आमच्या गोव्याकडे येतो. ३ जानेवारी २०१८ रोजी हंसाच्या, म्हणजे दाबोळीच्या नौदल तळाच्या, धावपट्टीवरून मिग-२९के बाहेर गेलं आणि पेटलं, शिकाऊ पायलट वाचला. ८ जून २०१९ ला उड्डाणाच्या वेळी मिगची इंधनाची जादा टाकी सुटून धावपट्टीवर पडली, आग लागली, विमानतळ बंद ठेवावा लागला. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला पक्षी धडकल्यावर दोन आसनी मिग वेर्ण्याच्या बाजूला माळरानावर कोसळलं. दोघेही बाहेर पडले आणि खाली कोणाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा आणि त्या दोघांची शुद्ध. २३ फेब्रुवारी २०२० ला समुद्रात एक. १२ ऑक्टोबर २०२२ ला आणखी एक.

आणि मधला तो २६ नोव्हेंबर २०२०. विक्रमादित्यवरून उडालेलं दोन आसनी मिग समुद्रात पडलं. शिकाऊ पायलट सापडला, कमांडर निशांत सिंह सापडले नाहीत. अकरा दिवस आम्ही चिखलीत हेलिकॉप्टरांचे आवाज ऐकत होतो. खारीवाड्यावरचे ट्रॉलरवाले आल्याबरोबर विचारत, काही कळलं का? सात डिसेंबरला त्यांचा देह मिळाल्याची बातमी आली. आमच्या वाड्यावर त्यांना कोणी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, तरी त्या संध्याकाळी घरी दिवा लावताना माझ्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं.

यातले बहुतेक अपघात डेकवर उतरतानाचे नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि मी ते स्पष्ट सांगतो. पण या सगळ्यांत सारखी असलेली एक गोष्ट आहे. प्रत्येक वेळी 'चौकशी मंडळ नेमण्यात आलं आहे' असं एक वाक्य आलं. नंतरचा सविस्तर अहवाल आम्हाला वाचायला मिळाला नाही. आणि जे आज इंजिनाच्या बिघाडाबद्दल कळत नाही, ते उद्या डेकवरच्या अपघाताबद्दलही कळणार नाही.

याच दाबोळीच्या धावपट्टीवर प्रवासी विमानं उतरतात. उद्या त्यातलं एखादं घसरलं तर नागरी अपघात तपास संस्था चौकशी करील आणि तिचा अहवाल मी चिखलीत बसून वाचू शकेन. कोळीकोडला ७ ऑगस्ट २०२० रोजी विमान टेबलटॉप धावपट्टीच्या पुढे जाऊन कोसळलं, एकवीस माणसं गेली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये संपूर्ण अहवाल बाहेर आला. दोन्ही पायलट त्या अपघातात गेले होते, तरी त्यांच्या हातून काय झालं ते लिहिलं गेलं, कारण उद्याचे पायलट वाचायचे होते. धावपट्टी एक, आभाळ एक. मिग घसरलं तर नियम बदलतो.

सुरक्षेचं कारण मला समजतं. वर्दी उतरवली म्हणून गुप्ततेची शपथ मी विसरलो नाही. पण २०१६ च्या जुलैमध्ये संसदेत ठेवलेला कॅगचा अहवाल आठवा. एकआसनी मिग-२९के उड्डाणासाठी तयार असण्याचं प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्के, दोन आसनींचं २१.३० ते ४७.१४ टक्के, हे त्यात आकड्यांनिशी छापलं आहे. रचनेतल्या दोषांमुळे चाळीस इंजिनं, म्हणजे ६२ टक्के, काढून घ्यावी लागली, हेही आहे. डेकवर उतरण्याचा सराव करायला घेतलेला सिम्युलेटर त्या कामाला योग्य नाही असं आढळल्याचंही आहे. शत्रूला उपयोगी पडेल असं याहून अधिक काय असतं? ते छापल्याने देश बुडाला नाही. हिशेब तपासणारे जे संसदेपुढे ठेवू शकतात, त्याच्या पलीकडे मी फारसं मागत नाही.

दुसरी शंका जास्त खरी आहे. अहवाल बाहेर जाणार असं कळलं तर चौकशीत माणसं खरं बोलणार नाहीत. चीफपुढे मी बोललो कारण मला त्यांचा विश्वास होता. तेच वर्तमानपत्रात छापून येणार असतं तर त्या पहाटे माझे पाय जड झाले असते. म्हणून यावर इतरांनी काय केलं ते बघा. अमेरिकेत एका अपघाताच्या दोन चौकश्या होतात. एक सुरक्षेची, तिच्यात सांगितलेलं गोपनीय राहतं आणि त्यावरून शिक्षा होत नाही. दुसरी कायदेशीर, ती वेगळे लोक करतात आणि ती लोकांना देता येते. ही पद्धतही निर्दोष नाही. त्यांच्या नौदलातल्या पायलट लेफ्टनंट कारा हल्टग्रीन २५ ऑक्टोबर १९९४ रोजी लिंकन या नौकेवर उतरायला येताना एफ-१४ चं डावं इंजिन बंद पडून गेल्या, तेव्हा दोन अहवालांचा सूर वेगळा निघाला. गोपनीय अहवाल बाहेर फुटला आणि बाईने विमान उडवावं का अशी हीन चर्चा झाली. पण तो वाद कागदावरच्या पुराव्यांनी लढवता आला. ज्यांना त्यांची बाजू मांडायची होती त्यांना जुन्या इंजिनांचा तो दोष दाखवता आला. आपल्याकडे काही कळतच नाही, तेव्हा अफवाच शेवटचा निकाल होऊन बसते.

आपल्याच देशातही दाखला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये कुन्नूरजवळ संरक्षण दल प्रमुखांचं हेलिकॉप्टर कोसळलं. पुढच्याच महिन्यात हवाई दलाने प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले की दरीतलं हवामान अचानक बदललं आणि हेलिकॉप्टर ढगात शिरलं. चार ओळीच होत्या. पण त्या चार ओळींनी घातपाताच्या कितीतरी गोष्टी थांबवल्या.

जुन्या काळाचा एक आकडा मला कायम आठवतो. १९५४ या एका वर्षात अमेरिकेच्या नौदलाने आणि मरीन कोअरने ७७६ विमानं गमावली, ५३५ माणसं गेली. युद्ध चालू नसताना! मग तिरकी धावपट्टी आली, उतार दाखवणारा आरसा आला, दोन्ही ब्रिटिशांच्या डोक्यातून निघालेले. आरशाच्या आधी पायलटला हातातल्या बॅटांनी खुणा करून उतरवत. तिरक्या पट्टीच्या आधी हुक चुकला तर समोर उभ्या विमानांत घुसण्यावाचून गत नसे. पण नुसत्या यंत्रांनी एवढं झालं नसतं. १९५५ पासून तिथे सुरक्षेचं एक मासिक निघू लागलं, त्यात पायलट आपल्याच चुका आपल्याच शब्दांत लिहीत. पुढच्या काही दशकांत गमावलेल्या विमानांचा वर्षाचा आकडा काही डझनांवर आला. आमच्या चीफनी ते मासिक पाहिलं होतं की नाही मला माहीत नाही. त्यांनी मला टोळीसमोर उभं केलं तेव्हा तेच केलं होतं.

हे आत्ताच का लिहितो आहे, तर पुढचा काळ डोळ्यांसमोर आहे म्हणून. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल मरीनचा करार झाला, बावीस एकआसनी आणि चार दोन आसनी. जानेवारी २०२२ मध्ये ते विमान दाबोळीला चाचणीसाठी आलं होतं, तेव्हा स्की-जंपवरून, म्हणजे टोकाला वर उचललेल्या पट्टीवरून, वर जाताना मी ते आमच्या गच्चीवरून पाहिलं. त्याआधी १३ सप्टेंबर २०१९ ला याच हंसाच्या तळावरच्या वायरवर नौदलाचं तेजस पहिल्यांदा थांबलं, आणि ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळंकर यांनी ते विक्रमादित्यच्या डेकवर उतरवलं. त्या दिवशी आमच्या घरी सणासारखं वाटलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रांतवर तेजस आणि मिग उतरले, मे महिन्यात मिग रात्रीही उतरलं. म्हणजे येत्या काही वर्षांत नवी विमानं, नवं जहाज आणि नवे पायलट एकदमच शिकणार आहेत. दाबोळीतली वायर जमिनीत रोवलेली आहे, ती डुलत नाही. खरं शिकणं समुद्रावरच होतं, आणि तिथे चुका होणार. अमेरिकेसारख्या शंभर वर्षं हेच करत आलेल्या देशाचंही ६ मे २०२५ ला लाल समुद्रात ट्रुमन नौकेवर उतरताना एफ-१८ वायरीने न थांबता पाण्यात गेलं, आतले दोघे बाहेर पडून वाचले. आपल्याकडे असं होणारच नाही, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. झालं तर पुढे काय करायचं हे मात्र आज ठरवता येईल.

माझं मागणं छोटं आहे. ज्या चौकश्या पूर्ण झाल्या आहेत त्या प्रत्येकीचा दोन-चार पानांचा सारांश द्या. नावं काढा, शस्त्रांचं काढा, जे गुप्त आहे ते खुशाल काळं करा. विमान कुठल्या टप्प्यात होतं, हवा कशी होती, यंत्रात काय बिघडलं, माणसाकडून काय राहिलं आणि त्यानंतर काय बदललं, एवढं ठेवा. सुरुवात २०१८ ते २०२२ मधल्या गोव्याच्या अपघातांपासून करा. इंग्रजी, हिंदीबरोबर मराठीत आणि कोकणीतही द्या, कारण ही विमानं आमच्या माथ्यावरून जातात आणि आमच्या पाण्यात पडतात.

हे नुसतं कुतूहल नाही. वेर्ण्याच्या अपघातात पक्ष्याचा संबंध होता असं तुम्हीच सांगितलं. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला कायद्याने बंदी आहे. तरी चिखली, सांकवाळपासून वास्कोपर्यंत रस्त्याच्या कडेला कोंबडीच्या दुकानांचा कचरा पडतो आणि वर घारी फिरतात. मी पंचायतीच्या ग्रामसभेत हा विषय काढला तेव्हा लोक म्हणाले, एका घारीने विमान पडतं होय? माझ्या शब्दाला तिथे वजन नाही. 'कोणता पक्षी, किती उंचीवर, इंजिनात काय झालं' असं तुमच्या शिक्क्याचं एक पान असतं तर त्या दिवशी ठराव झाला असता.

तसंच मच्छीमारांचं. पायलट समुद्रात पडला तर नौदलाच्या आधी एखादा ट्रॉलर जवळ असू शकतो. पॅराशूट पाण्यात पसरलेलं असेल तर पंखा त्यापासून लांब ठेवायचा. विमानाच्या तुकड्यांना, विशेषतः आसनाला हात लावायचा नाही, कारण त्यात न फुटलेली स्फोटकं असू शकतात. तटरक्षक दलाला १५५४ वर कळवायचं. हे मी माझ्या परीने चार तांडेलांना सांगितलं आहे. तुमच्या माणसांनी वर्षातून एकदा खारीवाड्यावर, मालीमला, कुटबणला येऊन सांगितलं तर मी सांगण्यापेक्षा ते किती तरी पटीने ऐकतील. आणि त्या वेळी मागच्या अपघाताचं काय निघालं हे कोणी विचारलं, तर त्या अधिकाऱ्याच्या हातात ती दोन पानं असावीत.

कमांडर निशांत सिंह यांच्या घरच्यांना काय सांगितलं गेलं हे मला माहीत नाही आणि तो माझा विषयही नाही. पण त्या अकरा दिवसांत ज्या प्रत्येकाने समुद्राकडे बघत वाट पाहिली, त्यालाही थोडासा हक्क आहे असं मला वाटतं.

या पत्राचं उत्तर आलं तर ते मी मराठीत लिहून काढून चिखली पंचायतीच्या फलकावर आणि खारीवाड्याच्या बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर लावीन. तांडेल रोज विचारतो.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक,
चिखली, मुरगाव तालुका, गोवा